शब्दवेध : टकळी

सूत कातायच्या टकळीचं मूळ संस्कृत ‘तर्कु’त. यास्काने निरुक्तात म्हटलंय, ‘कृत्’ म्हणजे कातणे या धातूतली अक्षरं जागा बदलून ‘तर्कु’ झाला. आपलं ‘कातणे’ही ‘कृत्’मधूनच आलं. आजचे अभ्यासक मात्र ‘तर्कु’ला पिळण्याच्या जुन्या धातूशी, लॅटिन ‘तोर्क्वेरे’शी जोडतात. मला हेच पटतं. पीळ बसल्याशिवाय कापसाच्या पेळूचं सूत होतच नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा शब्द फार जवळचा. ज्यांच्या नावाने हा जिल्हा, त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, धनगर घरात. मेंढीची लोकर हाताने कातून घोंगडी विणणारा हा समाज. हौसेने टकळी घेणाऱ्यांनी कापसाबरोबर दख्खनी मेंढीची खरबरीत लोकरही जरूर कातावी. अखंड बडबडीलाही आपण ‘तोंडाची टकळी’ म्हणतो, तीही न थांबणाऱ्या फिरण्यामुळेच.