बॅक इन ब्लॅक
ऑस्ट्रेलियन हार्ड रॉक बँड एसी/डीसीचा १९८० मधील अल्बम. १९ फेब्रुवारी १९८० रोजी गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये वारला. बँड मोडण्याच्या बेतात होता. तथापि न्यूकॅसलकडचा ब्रायन जॉन्सन गायक म्हणून आला आणि एप्रिल-मेमध्ये बहामातील नॅसॉ येथे ध्वनिमुद्रण झाले. निर्माता रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग. आरंभीच्या घंटानादासाठी इंग्लंडमधील लफबरोच्या मनोऱ्यातील घंटा वाजवून पाहिली. पण तिथे पाखरांचा मुक्काम, ठोका पडताच पंखांची फडफड ध्वनिफितीत उतरे. शेवटी ओतशाळेतच बँडसाठी घडवलेल्या घंटेचा नाद घेतला. मुखपृष्ठ दुखवट्याचे, संपूर्ण काळे. पुनरागमनाचा याहून ठसठशीत अल्बम हार्ड रॉकमध्ये क्वचितच सापडेल. एकट्या अमेरिकेत त्याची विक्री अडीच कोटी प्रतींवर गेली.