जुने निःशुल्क क्रेडिट कार्ड चालू ठेवणे
वार्षिक शुल्क नसलेले क्रेडिट कार्ड रोजच्या गरजेचे राहिले नाही, तरी ते बंद न करता वर्षानुवर्षे खाते जिवंत ठेवण्याची पद्धत. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणले. ‘लाइफटाइम फ्री’ कार्डे पुढे बँकांच्या चढाओढीतून फैलावली.

पतगुणांक : सिबिल या पतमाहिती कंपनीचा (स्थापना २०००) गुणांक ३०० ते ९०० असतो. परतफेडीची शिस्त, मर्यादेच्या मानाने उचल, कर्जखात्यांचे वय आणि प्रकार यांवर तो ठरतो. १ लाख आणि ५० हजार मर्यादेच्या दोन कार्डांवर मिळून ३० हजारांची उचल असेल, तर वापर २० टक्के होतो; १ लाखाचे जुने कार्ड बंद करताच तो ६० टक्क्यांवर जातो. खात्याच्या वयाचा परिणाम इतका थेट नसतो, कारण बंद खात्याची नोंदही अहवालात काही वर्षे राहते. तिचे वजन किती, याबद्दल एकमत नाही.

नियम : रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घालून दिलेले नियम येथे सर्वांत महत्त्वाचे. कार्ड वर्षाहून अधिक काळ वापरले नाही, तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची असते. ३० दिवसांत उत्तर आले नाही आणि थकबाकी नसली, की खाते बंद होते. म्हणून नुसते कपाटात ठेवलेले कार्ड टिकत नाही. अधूनमधून किरकोळ खरेदी करून बिल पूर्ण भरावे लागते. मोबाइल क्रमांक बदलल्यास बँकेत नोंदवणे तितकेच निकडीचे, कारण सूचना जुन्या क्रमांकावर गेली तर ग्राहकाला पत्ताच लागत नाही. किमान एक महिना आधी कळवून बँकेला शुल्कात बदल करता येतो, त्यामुळे ‘निःशुल्क’ हे कायमचे अभय मानू नये. ग्राहकाने स्वतः बंद करायला सांगितल्यास ७ कामकाजी दिवसांत ते करावे लागते. थकबाकी नसताना उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. जुन्या कार्डाची स्थिती त्यात पाहता येते.

कागल : कोल्हापूर जिल्ह्यातील कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील पगारदाराला कार्डाचे मासिक बिल पगारातून भरता येते. ऊसउत्पादकाचे गणित निराळे. छत्रपती शाहू (कागल) किंवा मंडलिक (हमीदवाडा) साखर कारखान्याचे बिल ऊस गाळपाला गेल्यावर येते आणि सेवा संस्थेचे पीककर्ज त्यातूनच कापले जाते. कार्डाची देय तारीख मात्र दरमहा येते. देय तारखेनंतर तीन दिवस उलटूनही रक्कम थकली, तर ती थकबाकी म्हणून पतमाहिती कंपनीला कळवता येते, मग रक्कम दोनशे रुपये का असेना. किसान क्रेडिट कार्ड (१९९८ पासून) हे पीककर्जाचे खाते असून त्याला ही पद्धत लागू पडत नाही (पहा : किसान क्रेडिट कार्ड).

तोटे : चालू कार्ड खर्चाचा मोह वाढवू शकते, म्हणून खर्चावर ताबा न राहणाऱ्याने कार्ड बंद करणेच योग्य.