दोन बैलांचें जूं आणि शंभर घोडे



दोन बैलांचा नांगर काळ्या जमिनींत अडला म्हणजे आणखी चार बैल आणून जुंपावे, असें एखाद्याच्या सहज मनांत येईल. परंतु आपल्या शेतकऱ्याला त्यांतील मेख ठाऊक असते. बैल वाढले कीं ओढ वाढते, आणि ती ओढ जमिनीच्या आधीं जुंवाला, हाळिसाला आणि दोराला सोसावी लागते. म्हणूनच सहा-आठ बैलांचा नांगर हा दोन बैलांच्या नांगराहून मुळांतच दणकट घडविलेला असतो. जुन्या, लहान ट्रॅक्टरांतील इंजिन काढून त्या जागीं अधिक जोराचें, बहुधा वापरलेलें, इंजिन बसविण्याचा जो उद्योग अमेरिकेंत गेलीं शंभर वर्षें चालत आला आहे, त्याचा इतिहास आज मी सांगणार आहें. तो इतिहास म्हणजे याच जुंवाची आणि बैलांची गोष्ट आहे.

आरंभ मोटारीपासून करूं. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ सालीं बाजारांत आली. तिचें इंजिन २० अश्वशक्तीचें होतें. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या, आणि त्यांतील पुष्कळशा खेड्यापाड्यांत गेल्या. अनेक शेतकऱ्यांच्या दारीं ट्रॅक्टर येण्यापूर्वीं मोटार आली होती. मग रविवारीं देवळांत नेणारें हें वाहन सोमवारीं नांगर कां ओढूं नये, असा विचार निघाला. १९१७ च्या सुमारास सेंट पॉल शहरांतील ‘स्टाउडे मेक-ए-ट्रॅक्टर’ आणि क्विन्सी येथील ‘पुलफोर्ड’ असे जोडसंच विकले जाऊं लागले. त्यांची रचना साधी होती. मोटारीचीं मागचीं चाकें काढावयाचीं, आंसाच्या दोन्ही टोकांस लहान दांतेरी चाकें बसवावयाचीं, आणि तीं मोठ्या लोखंडी चाकांच्या आंतील दांत्यांत अडकवावयाचीं. त्यामुळें गति कमी होई व ओढ वाढे.

ओढ तर वाढली, पण इंजिन तापूं लागलें. रस्त्यावर चालणारी मोटार आपली सगळी शक्ति क्वचितच, एखाद्या चढावर, वापरते. नांगर मात्र ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत मागतो. चार पावलें धांवणें निराळें आणि दिवसभर ओझें वाहणें निराळें. तेव्हां मोठा रेडिएटर आणि तेलाचा पंप हींहि संचाबरोबर द्यावीं लागलीं. शक्ति किती आहे याबरोबरच ती किती वेळ टिकते हें पाहिलें पाहिजे, हा या इतिहासांतील पहिला धडा.

त्याच काळीं जाहिरातींतील अश्वशक्ति आणि शेतांतील अश्वशक्ति यांत फार अंतर पडूं लागलें होतें. नेब्रास्का संस्थानांतील विल्मॉट क्रोझियर नांवाच्या एका शेतकऱ्यास निकृष्ट ट्रॅक्टरांचा चांगलाच अनुभव आला. हे गृहस्थ विधिमंडळाचे सभासदहि होते. त्यांच्या खटपटीनें १९१९ सालीं कायदा झाला, आणि १९२० पासून लिंकन येथें ट्रॅक्टरांची सरकारी कसोटी सुरू झाली. शक्तीचा शब्द अंकांत बांधला गेला.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. १९३८ सालीं हेन्री फोर्ड आणि उत्तर आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन यांनीं केवळ हस्तांदोलनावर एक करार केला. त्यांतून १९३९ सालीं ‘९एन’ हा लहान ट्रॅक्टर निघाला, आणि १९४७ ते १९५२ या काळांत त्याचीच सुधारलेली आवृत्ति ‘८एन’ तयार होत असे. या ट्रॅक्टरांचें चार नळकांड्यांचें इंजिन म्हणजे फोर्ड कारखान्याच्या आठ नळकांड्यांच्या, म्हणजे व्ही-८, इंजिनाचें बरोबर अर्धें होतें. त्याच्या नळकांड्यांचा व्यास आणि दट्ट्याचा फेरा हीं मापें मर्क्युरी मोटारीच्या इंजिनाशीं तंतोतंत जुळत. अर्धें इंजिन एवढें काम करतें, तर तेथें सबंध इंजिन कां घालूं नये, हा मोह कोणाहि हुषार कारागिराला व्हावा असाच होता. शिवाय ८एन हा दोन फाळांचा नांगर ओढणारा ट्रॅक्टर. सपाट प्रदेशांतील विस्तीर्ण शेतें नांगरणाऱ्यास तो अपुरा पडे.

हें काम पद्धतशीर रीतीनें ज्यांनीं केलें ते हॉवर्ड आणि जो फंक हे जुळे बंधु. हे मूळचे विमानें बांधणारे. त्यांच्या पहिल्या लहान विमानांतसुद्धां त्यांनीं फोर्ड मोटारीचेंच इंजिन उलटें करून व सुधारून बसविलें होतें. १९४१ सालीं त्यांचा कारखाना कॅन्सस संस्थानांतील कॉफीव्हिल गांवीं आला. युद्ध संपल्यावर लहान विमानांची मागणी एकाएकीं ओसरली, आणि १९४८ सालीं विमानें करणें थांबलें. पोटाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हां हे बंधु आभाळांतून जमिनीवर उतरले, आणि ८एन मध्यें सहा किंवा आठ नळकांड्यांचें फोर्ड इंजिन बसविण्याचें साहित्य करूं लागले. मूळचें इंजिन सुमारें २५ अश्वशक्तीचें. नवें ९५ ते १०० चें. म्हणजे बळ एका दमांत चौपट झालें.

येथें कारागिराची खरी परीक्षा होती. मोटारीला सांगाडा असतो व त्यावर इंजिन नुसतें ठेवलेलें असतें. या ट्रॅक्टराला निराळा सांगाडाच नाहीं. पुढचा आंस इंजिनाच्या तोंडाशीं आवळलेला, आणि इंजिनाच्या पाठीशीं गिअरपेटी. म्हणजे इंजिन हाच ट्रॅक्टराचा कणा. त्याच्या तळाचें तेलाचें भांडेंहि भार सोसण्यासाठीं ओतीव बिडाचें केलेलें असे. मोटारीच्या इंजिनाखालचें भांडें पातळ पत्र्याचें. त्यावर असा भार टाकला तर तें चेपून जावयाचें. म्हणून फंक बंधूंना भार पेलणारे ओतीव भाग नव्यानें घडवावे लागले. इंजिन बदलणें म्हणजे दिव्यांतील वात बदलणें नव्हे. पाठीचा कणा बदलण्यासारखें तें काम आहे.

इतकें करून हातीं काय आलें, याचा थोडा हिशेब करूं. एक अश्वशक्ति म्हणजे ताशीं एक मैल गतीनें ३७५ पौंडांची ओढ. नांगरणीची गति ताशीं तीन मैल धरली, तर १०० अश्वशक्तीची ओढ, घर्षणांत जाणारा भाग सोडून, १२,५०० पौंड होते. ट्रॅक्टराचें स्वतःचें वजन मात्र सुमारें अडीच हजार पौंड! आपल्या वजनाच्या पांचपट ओढ मऊ मातींत कोणतें चाक काढूं शकेल? तें जागच्या जागीं गरगर फिरेल, किंवा घट्ट रुतलें तर ट्रॅक्टराचें तोंड वर उचललें जाईल. ही भीति काल्पनिक नव्हे. फोर्ड यांचा १९१७ चा ‘फोर्डसन’ ट्रॅक्टर नांगर अडकला असतां मागें उलटत असे, आणि त्याखालीं कित्येक चालकांचे प्राण गेले. फर्ग्युसन यांची तीन सांध्यांची जोडणी हा धोका टाळण्यासाठींहि उपयोगी पडली. वाढविलेली शक्ति कामीं यावयाची तर चाकांवर वजन वाढविलें पाहिजे, अथवा काम अधिक गतीनें केलें पाहिजे. आणि वजन वाढविलें कीं मूळच्या आंसावर व दांत्यांवर तितकाच अधिक ताण येतो.

मग हा उद्योग सर्वस्वी फसवाच आहे काय? तसें नाहीं. याचें उत्तम उदाहरण बागेच्या ट्रॅक्टरांत सांपडतें. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९६१ सालीं घराभोंवतालचें गवत कापण्यासाठीं ‘कब कॅडेट’ नांवाचा छोटा ट्रॅक्टर काढला. त्याचें कोहलर इंजिन अवघ्या ७ अश्वशक्तीचें होतें. पण मागची गिअरपेटी घेतली होती ती ‘फार्मॉल कब’ या शेतीच्या ट्रॅक्टरापासून. म्हणजे इंजिन बागेचें आणि कंबर शेताची! पुढें कंपनीनेंच क्रमाक्रमानें १०, १२, १४ आणि १६ अश्वशक्तीचीं इंजिनें त्याच घराण्याच्या ट्रॅक्टरांत घातलीं. या चारहि कोहलर इंजिनांचीं बाहेरील मापें बहुतांशीं सारखीं; त्यामुळें १० चें काढून मोडीतून आणलेलें १४ चें बसविणें घरगुती कारागिरालाहि साधलें. यश आलें तें नव्या बळामुळें नव्हे. मूळ घडविणाऱ्यानें जी ताकद शिलकींत ठेवली होती तिच्यामुळें. ज्या हलक्या ट्रॅक्टरांत ती शिल्लक नसते, तेथें तेंच इंजिन चार दिवसांत दांते मोडून ठेवतें.

जुन्या बाजारांतून इंजिन आणणारानें आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. इंजिनावर कोरलेली अश्वशक्ति ही त्याच्या तारुण्यांतील असते; कडीं झिजलीं, नळकांडें घासलें, म्हणजे तिच्यांतील बरीचशी निघून गेलेली असते. आणि इंजिन बदललें तरी ब्रेक जुनाच राहतो. पळण्याचें सामर्थ्य वाढवून थांबण्याचें सामर्थ्य तेवढेंच ठेवणें, हा व्यवहार धोक्याचा.

फंक बंधूंच्या कारखान्याचें पुढें काय झालें, एवढें सांगून हें भाषण संपवितों. त्यानें नांव मिळविलें तें इंजिनांत नव्हे, तर गिअरपेट्यांत. म्हणजे इंजिनाचें बळ चाकापर्यंत न मोडतां पोंचविणाऱ्या साधनांत. १९८९ सालीं तो जॉन डीअर या मोठ्या कंपनीनें विकत घेतला. मोठें इंजिन बसविण्यापासून ज्यांनीं आरंभ केला, तेच अखेरीस जुंवाचे कारागीर झाले. बैल बाजारांत विकत मिळतात. जूं मात्र त्या त्या बैलांच्या ओढीला पुरेसें घडवावें लागतें.