दिवेलागणीनंतरचं काम

1880च्या सुमारास मुंबईच्या गिरणीत कामाची वेळ सूर्य ठरवायचा. उजाडलं की साचे सुरू, तिन्हीसांजेला बंद. उन्हाळ्यात दिवस 13 तासांच्या पुढे जायचा, हिवाळ्यात 11च्या आसपास. मालकांच्या दयेचा इथे संबंध नव्हता. अंधारात तुटलेला धागा दिसत नाही, म्हणून कामगार घरी जायचा.

1884मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. पण काम साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, असंही त्यात होतं. रविवार 1890मध्ये मिळाला. सूर्यास्त मात्र पुढे हातचा गेला.

कारण गिरणीत विजेचे दिवे आले. 1905मध्ये कापडाला उठाव होता आणि दिवस 14-15 तासांवर गेला. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवलेली, नाकातोंडात कापसाची तूस. घरात घड्याळ नाही आणि उशीर झाला तर खाडा, म्हणून माणसं उजाडायच्या आधीच फाटकापाशी येऊन बसायची. झोपेतली ही धास्ती मला त्या तासांइतकीच महत्त्वाची वाटते. आजच्या ताणाचं मूळ तिथे सापडतं. त्याच वर्षी कामगारांनी वाढीव तासांविरुद्ध संप केले, दगडफेकही झाली.

अंधाराने घातलेली मर्यादा मग कायद्याला घालावी लागली: 1911मध्ये 12 तास, 1922मध्ये 11, 1934मध्ये 10, आणि 1948च्या कायद्याने 9 तास, आठवड्याला 48. एकेक तास कमी व्हायला दहाहून अधिक वर्षं लागली.

मोबाइलने ही मर्यादा पुन्हा पुसली. रात्री साडेदहाला ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडतो, निळी टिक दिसते आणि उत्तर देणं भाग पडतं. या कामाची नोंद कुठल्याच हजेरीपटावर होत नाही. घरी गेल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018मध्ये लोकसभेत मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. उलट सप्टेंबर 2025मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दैनंदिन मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल. नोकरी टिकवायची असलेला माणूस तो कागद नाकारील कसा, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं.