चुलीपासून ऊर्जेचा विचार : अमूल्य रेड्डी

ऊर्जेचा इतिहास म्हटला की धरणे, कोळशाची वीजकेंद्रे, अणुभट्ट्या डोळ्यांपुढे येतात. स्वयंपाकघर येत नाही. वाचकहो, ते तिथे आणण्यासाठी आयुष्य वेचलेल्या एका प्राध्यापकाविषयी आज सांगायचे आहे.

अमूल्य रेड्डी (१९३०–२००६) हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत-रसायनशास्त्राचे अध्यापक. जॉन बॉक्रिस यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या १९७० च्या द्विखंडी ग्रंथाने जगभर नाव मिळवले होते. तरीही १९७४ मध्ये त्यांनी संस्थेत ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र उभारले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘अस्त्र’ हा शब्द होतो.

तुमकूर जिल्ह्यातील उंग्रा, पुरा या परिसरात त्यांच्या गटाने घरोघरचा हिशेब मांडला. जळण किती, ते कोण आणते, वेळ किती जातो? गावाच्या ऊर्जेत सर्वांत मोठा वाटा लाकूडफाट्याचा आणि तो जळतो चुलीत, हे आकड्यांनी दिसले. बायका-मुलांच्या ज्या श्रमांची सरकारी दप्तरात नोंद नव्हती, ते प्रथमच हिशेबात आले. कमी लाकडात शिजवणारी, धूर धुराड्यावाटे बाहेर सोडणारी ‘अस्त्र ओले’ ही चूल या केंद्राने तयार केली. ‘ओले’ म्हणजे कन्नडमध्ये चूल, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. धुराने खोकणाऱ्या गृहिणी तपासलेल्या डॉक्टरला या कामाचे मोल चटकन कळते.

पुरा गावात सामुदायिक गोबरगॅस आधी स्वयंपाकासाठी योजला होता. पण गॅस पुरेना. गावकऱ्यांना विचारले, तर त्यांची पहिली मागणी पिण्याच्या पाण्याची निघाली. मग १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून पाणी व दिवे दिले गेले. शेण देणाऱ्यांना खत म्हणून मळी परत मिळे. रोग्याचे ऐकल्यावाचून औषध देऊ नये, तसेच हे.

हीच दृष्टी त्यांनी कर्नाटकाच्या वीजनियोजनाला लावली. माणसाला युनिट नको असते; उजेड, पाणी, शिजलेले अन्न हवे असते. काटकसरीचे दिवे, सुधारित पंप, सौर बंब यांचा हिशेब धरून त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पर्यायी आराखडा मांडला. सरकारी अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी विजेत राज्याचे भागेल, असे त्यात दाखवले होते. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेनेही पुढे महाराष्ट्रासाठी असाच कमीत कमी खर्चाचा विचार केला.

आपल्या घरांतून तांब्याचा बंब गेला, गीझर आला. नवे वीजकेंद्र कुणाच्या तरी जमिनीवर उभे राहते. म्हणून पुढचे बिल हाती आले की रक्कम पाहण्याआधी, त्या युनिटांतून आपल्याला नेमके काय मिळाले, याची यादी करून पाहा.