बुळकांडी गेली, मानमोडी का राहिली?



शिमगा जवळ आला की आमच्या भागात एक बातमी ठरलेली. अमक्याच्या परड्यात कोंबड्यांना मर लागली. आठ दिवसांत ती चार घरं पुढं सरकते. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, पाय लुळे आणि शेवटी मान पिळवटून कोंबडी पडते. म्हणून आपल्याकडं नाव पडलं मानमोडी. कागदावरचं नाव राणीखेत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही लोक मानमोडीच म्हणायचे, म्हणजे या शब्दाची धास्ती जुनीच आहे.

आज या रोगाचा इतिहास लिहितोय. कारण तो वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. ज्या सरकारी प्रयोगशाळेनं गुरांच्या बुळकांडीवर काम केलं, तिनंच मानमोडीवरही केलं. बुळकांडी जगातून गेली. मानमोडी अजून आपल्या उकिरड्यावर फिरतीय. असं का झालं?

आधी परड्याचं वर्ष बघू, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे. मृग लागला की परसात दोडका, कारली, भोपळा, घेवडा टोकायचा आणि कोंबड्यांनी उकरू नये म्हणून आळ्यावर काट्या टाकायच्या. पावसाळ्यात किडा-मुंगी भरपूर, पण ओल वाईट. तेव्हा काढलेली पिल्लं गारठ्यानं जातात, म्हणून जुन्या बायका पावसात खुडूक कोंबडी सहसा बसवत नव्हत्या. आखाडात कोंबड्याला भाव. त्यानंतर श्रावण, म्हणजे गिऱ्हाईक थंड. दसऱ्यानंतर खळ्यावर दाणा पडतो, कोंबडी अंगानं भरते. मग दिवाळीच्या पुढं-मागं अंड्यांवर बसवली की २१ दिवसांत पिल्लं. संक्रांतीपर्यंत ती डालग्याबाहेर पडतात आणि शिमग्यापर्यंत परडं तलंगांनी भरून जातं. सगळी नवी, सगळी कोवळी, एकीच्याही अंगात रोगाशी लढायची ताकद नाही. मानमोडी नेमकी तेव्हाच येते. ही साथ काही पंचांग बघून येत नाही. तिला लागणारी नवी पाखरं आपण दरवर्षी त्याच वेळेला तयार ठेवतो.

आता इतिहास. १८८९ साली इंग्रज सरकारनं पुण्यात एक प्रयोगशाळा काढली, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी. कारण होतं बुळकांडी. बैल मेला की नांगर थांबतो, मोट थांबते, सारा थांबतो. त्यामुळं सरकारला या रोगाची काळजी असणं साहजिक होतं. १८९३ ला ही प्रयोगशाळा पुण्यातून हलवून कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. तिथं थंडी होती आणि आजूबाजूला वस्ती कमी, त्यामुळं रोगाचे जंतू बाहेर पडण्याची भीती कमी. हीच पुढं भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. आज तिचं मुख्य ठाणं इज्जतनगरला आहे.

१९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावाजवळ कोंबड्यांत एक अनोळखी साथ आली. जगात तिला न्यूकॅसल हेच नाव पडलं. लगोलग आपल्याकडंही ती दिसली, मुक्तेश्वरजवळच्याच राणीखेतला. जहाजावर खाण्यासाठी नेलेल्या जिवंत कोंबड्यांबरोबर हा विषाणू बंदरोबंदरी गेला असावा, असा एक अंदाज आहे. मुक्तेश्वरच्या जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२८ च्या अहवालात या नव्या रोगाची नोंद केली. हेच एडवर्ड्स त्याच वर्षांत बुळकांडीचा विषाणू शेळीच्या अंगातून वारंवार काढून सौम्य करत होते. त्यातूनच गुरांसाठी शेळीवरची लस आली. एकच माणूस, एकच डोंगर, दोन रोग.

मानमोडीची लसही फार उशिरा आली नाही. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरलाच कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर विषाणू वाढवून सौम्य केला. ती आपली आर-टू-बी लस, मोठ्या पाखराला टोचायची. पिल्लांसाठी त्याहून सौम्य एफ आणि लासोटा या लसी परदेशातून आल्या. म्हणजे गेली ७० वर्षं तरी हातात औषध आहे.

बुळकांडीचं पुढं काय झालं बघा. १९५४ पासून देशभर गुरांना टोचण्याचा कार्यक्रम सुरू झाला. गावोगाव डॉक्टर, कंपाउंडर, बर्फाच्या पेट्या. देशातली शेवटची साथ १९९५ ची. २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगानंच हा रोग संपल्याचं जाहीर केलं. माणसाच्या देवीनंतर मुळापासून उपटलेला हा दुसराच रोग. माझ्या आज्ज्यानं बुळकांडीनं रिकामे झालेले गोठे बघितले होते. माझ्या पोराला तो शब्दच माहीत नाही.

मग कोंबडीचं घोडं कुठं अडलं? मला चार कारणं दिसतात.

पहिलं, वय. गाय-बैल आठ-दहा वर्षं दावणीला असतात आणि बुळकांडीची लस चांगली टोचली की जवळजवळ जन्माला पुरायची. परड्यातला कळप वर्षात निम्म्याहून जास्त बदलतो. लसीचा असर महिन्यांत मोजायचा. म्हणजे एकदा केलेलं काम दरवर्षी मातीत जातं, ते परत करावं लागतं.

दुसरं, रोगाला इतर थारे आहेत. कबुतरं आणि रानपाखरंही हा विषाणू बाळगतात. त्यामुळं बुळकांडीसारखा मुळापासून नायनाट होणं अवघड, धरून ठेवणं एवढंच आपल्या हातात.

तिसरं, बाटली. लस मिळते १००, २०० किंवा त्याहून जास्त मात्रांची. एकदा पाणी घालून कालवली की बर्फावर ठेवून तास-दोन तासांत संपवायची. ज्याच्याकडं पाच हजार पक्षी, त्याला ती बरोबर बसते. ज्या घरी अकरा कोंबड्या, तिथली बाई म्हणते, एवढी बाटली घेऊन करू काय? तिचं काही चुकत नाही. माल दुसऱ्याच्या मापानं बेतलाय.

चौथं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. बैल गड्याच्या हिशेबात होता, सावकाराच्या वहीत त्याची किंमत होती. कोंबडी बाईच्या पदराच्या गाठीत होती. अंड्याच्या पैशातून मीठ-मिरची, पोराची वही, अचानक आलेल्या पाहुण्याचा रस्सा. गरजवंताला कोंबडी वाट्यानं द्यायची, पिल्लं निम्मी-निम्मी. हा सगळा व्यवहार कुठंच लिहिला गेला नाही. बैल मेला की पंचनामा होतो. बारा तलंगा मेल्या तर "जाऊ दे, कोंबड्याच होत्या" म्हणून खड्डा खणतात.

सरकारनं परड्याकडं बघितलंच नाही असंही नाही. १९६० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं उपयोजित आहार कार्यक्रम राबवला गेला. त्यात परसबाग, शाळेची बाग आणि कोंबड्या हे तिन्ही एकत्र होतं, हेतू हा की अंडं आणि भाजी घरातल्या बाया-पोरांच्या ताटात पडावी. पुढं जोर गेला मोठ्या शेडकडं. अंडी वाढली, स्वस्त झाली, ते चांगलंच झालं. पण लसीचं माप, डॉक्टरची फेरी, औषधाचं दुकान हे सगळं त्या शेडभोवती जमलं. हैदराबादच्या संस्थेनं परसासाठी वनराजा, ग्रामप्रिया अशा जाती काढल्या. अंडी गावरानपेक्षा जास्त, पण खुडूक बसायची सवय कमी. त्यामुळं पिल्लं दरवेळी बाहेरून आणावी लागतात. आणि लसीशिवाय मानमोडीपुढं त्याही गावरानसारख्याच पडतात.

परडं संपलं, असं म्हणणाऱ्यांनी २०१९ ची पशुगणना बघावी. देशातले एकूण कोंबडीवर्गीय पक्षी ८५ कोटींच्या वर, त्यातले परसातले ३१.७ कोटी. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांत जवळपास ४६ टक्के वाढ. एवढा जीव आपल्या बायकांच्या हातात आहे.

बाटलीच्या अडचणीवर दुसरीकडं वाट काढलीय. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचे पीटर स्प्रॅडब्रो यांनी खास गावातल्या कोंबड्यांसाठी उन्हात लवकर न मरणारी आय-टू नावाची लस तयार केली आणि तिचं बीज गरीब देशांना रॉयल्टीशिवाय दिलं. मोझांबिक, टांझानियात गावातल्याच बायका शिकून घरोघर जातात, दर चार महिन्यांनी डोळ्यात थेंब टाकतात आणि कोंबडीमागं थोडे पैसे घेतात. त्यात डॉक्टरपेक्षा तारीख महत्त्वाची.

आमच्या गल्लीत आम्ही तेवढंच उचललं. नऊ घरं मिळून नव्वदेक कोंबड्या होतात. १०० मात्रांची एक बाटली, एक थर्मास, एक संध्याकाळ. कोंबड्या खुराड्यात शिरल्या की पळापळ नाही. पिल्लांना सातव्या दिवसाच्या आसपास लासोटाचा थेंब डोळ्यात. सहा ते आठ आठवड्यांच्या पुढं आर-टू-बी कातडीखाली, पुढं दर सहा महिन्यांनी. आठवडाभर आधी जंताचं औषध. लहान किंवा आजारी पिल्लाला आर-टू-बी देऊ नये आणि साथ घरात शिरल्यावर लस शोधू नये. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा. औंधची सरकारी संस्था ही लस बनवते. खर्च कोंबडीमागं एका अंड्याच्या किमतीच्या आत बसतो.

आम्ही दोन तारखा धरल्यात. एक संक्रांतीच्या आठवड्यात, शिमग्याच्या आधी. दुसरी आखाड सुरू होताना, बाजारातून नवी पाखरं गावात यायच्या आधी. हिशेबाची वही गल्लीतल्या एका वहिनींकडं असते. किती टोचल्या, किती मेल्या, किती विकल्या हे सगळं त्यात आहे. परड्यातल्या कोंबडीचा असा लेखी हिशेब आमच्या गावात याआधी मी तरी बघितला नव्हता. बुळकांडी नुसत्या लसीनं गेली नाही. कोणत्या गावात किती गुरं, किती टोचली, कुठं राहिली याच्या नोंदी ठेवल्या म्हणून ती गेली. मानमोडी आपण संपवू शकणार नाही, पण ती आपल्या गल्लीच्या बाहेर थोपवायला एक वही आणि दोन तारखा लागतात.

तुमच्याकडं या रोगाला काय म्हणतात आणि कोणत्या महिन्यात येतो ते जरूर कळवा. गावोगावचे महिने एकत्र मांडले तर तारखा धरायला सोपं जाईल.