वही, पगडी आणि यजमान : भैरवगढच्या निमित्ताने सत्तेचा एक विचार

सत्तेचा इतिहास आपण बहुधा आज्ञांच्या आधारे लिहितो. सनदा, तहनामे, जाहीरनामे आणि निवाडे ही आपली साधने. त्यांत कोणी कोणास काय करावयास लावले याची नोंद असते. परंतु माणसांच्या आयुष्यातील बहुसंख्य निर्णय आज्ञेने घडत नाहीत. 'करा' असे कोणी म्हणत नाही, 'न कराल तर' अशी धमकीही कोणी देत नाही. तरीही शंभरांतील नव्वद माणसे एकाच वाटेने जातात. वाट मोकळी ठेवून मनाला कल देण्याच्या या प्रकाराला अलीकडच्या अर्थशास्त्रात 'नज' असे नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे, आणि ती कशी चालते हे पाहावयास उज्जैनच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी असलेल्या भैरवगढासारखे ठिकाण सापडणे कठीण.

या लहानशा वस्तीत तीन संस्था जवळजवळ नांदतात : काळभैरवाचे देऊळ, सिद्धवटाचा घाट आणि मध्यवर्ती कारागृह. कारागृहातील सत्तेविषयी फार बोलावयास नको. तेथे भिंत उंच आहे आणि दार बाहेरून बंद आहे. देवळाचे आणि घाटाचे दार मात्र उघडे असते. तेथे येणारा आपल्या पायांनी येतो आणि आपल्या इच्छेने देतो, असे आपण समजतो. ही समजूत कितपत खरी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम देवळाकडे वळू. १७२८ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने अमझेरा येथे मोगल सुभ्याचा पराभव केला आणि पुढील दशकात माळवा शिंदे, होळकर व पवार या घराण्यांच्या वाट्यास आला. राणोजी शिंद्यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेईपर्यंत या नगरीवर मराठी राज्यकर्त्यांचा थेट वावर होता. काळभैरवाच्या मस्तकावरील पगडी ही त्या वावराची आजवर टिकलेली खूण होय. पानिपतानंतर गेलेली सत्ता परत मिळावी म्हणून महादजी शिंद्यांनी आपली पगडी या देवास वाहिली, आणि मनोरथ पूर्ण झाल्यावर देवळाचा जीर्णोद्धार केला, असे परंपरा सांगते. १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या, हे इतिहासास ठाऊक आहे. शिंदे घराण्याकडून देवाला पगडी येण्याची चाल पुढेही राहिली.

या कथेत नवसाचा भाग आहेच. त्याच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण तिला दुसरी बाजूही आहे. राजाने पगडी उतरविली ती देवापुढे. आणि देवाने ती धारण केली ती सर्व प्रजेपुढे. त्या दिवसापासून भैरवास हात जोडणारा माळव्यातील शेतकरी राज्यकर्त्याच्या शिरोभूषणासही हात जोडू लागला. त्याला तसा हुकूम कोणी दिला नव्हता. देवळात न येण्यास तो मोकळा होता, आणि पगडीकडे न पाहण्यासही. परंतु सत्ता आता वेशीवरच्या चौकीपुरती उरली नाही. ती नित्याच्या नमस्कारात येऊन बसली.

घाटावरील व्यवहार याहून सूक्ष्म आहे. सिद्धवटाचे माहात्म्य प्रयागच्या अक्षयवटाच्या तोडीचे मानतात आणि पितृकार्यासाठी तेथे दूरदूरचे लोक येतात. यात्रेकरू पायऱ्या उतरू लागला की पहिला प्रश्न येतो : "गाव कोणते? आडनाव काय?" मग जात, मग आजोबांचे नाव. एवढ्यावर ठरते की हा कोणत्या तीर्थपुरोहिताचा यजमान. लांबट वही उघडली जाते, आणि पणजोबा कोणत्या वर्षी आले होते, बरोबर कोण होते, हे त्यास वाचून दाखविले जाते. कधी त्यांच्या हातची सही दिसते. त्या क्षणी मनुष्य हेलावतो. ज्याचे छायाचित्रही घरात नाही त्या पूर्वजाचे अक्षर समोर असते. या भावनेची थट्टा करणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या या वह्या जपणाऱ्या हातांनी आपल्या समाजाची मोठीच सेवा केली आहे.

परंतु आता निर्णयाची घटिका येते. संकल्पाच्या शब्दांत दानाला 'यथाशक्ति' हे विशेषण आहे, म्हणजे शास्त्राने रक्कम मोकळी सोडली आहे. व्यवहारात ती मोकळी राहत नाही. पणजोबांनी गाय दिली होती, आजोबांनी भांडी दिली होती, हे नुकतेच कानांवर पडलेले असते. हातात दर्भ आहे, तळव्यावर पाणी आहे, भाऊबंद भोवती बसले आहेत, आणि आकडा मोठ्याने उच्चारावयाचा आहे. 'नाही' म्हणण्यास कोणाचीच बंदी नाही. पण तसे म्हणणे म्हणजे आपण पणजोबांहून उणे आहोत असे चारचौघांत कबूल करणे. वाट मोकळी आहे, फक्त तिच्या तोंडाशी लाज उभी केली आहे.

रिचर्ड थेलर व कॅस सन्स्टीन यांनी २००८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात याच यंत्रणेचे शास्त्र मांडले. मनुष्य पुढे आलेला आकडा, शेजाऱ्याचे वर्तन आणि आधीपासून ठरलेली रीत यांना धरून चालतो. तेव्हा निवडीची मांडणी अशी करावी की बंदी न घालता त्याचे हित साधेल, असा त्यांचा आशय. आधीच ठरलेल्या रीतीचा जोर किती असतो याचे उदाहरण अवयवदानाचे : ज्या देशांत नकार न कळविल्यास संमती धरली जाते, तेथे संमतीची नोंद कितीतरी अधिक असते, हे २००३ मध्ये जॉन्सन व गोल्डस्टीन यांनी दाखविले. आपल्या पूर्वजांना हे अपरिचित नव्हते. पेशवाई कागदांत वारंवार येणारा 'सुदामत' हा शब्द काय सांगतो? जे चालत आले ते चालावे. वेगळे करू पाहणाऱ्याने कारण द्यावे. 'नवे करू नये, जुने मोडू नये' हे सूत्रही त्याच जातीचे.

परंतु या शास्त्रात एक प्रश्न मागे राहतो : मांडणी करणारा कोण? १९६२ मध्ये बॅक्रॅक व बॅरट्झ यांनी दाखविले की कोणता प्रश्न चर्चेस येऊच द्यावयाचा नाही हे ठरविणे हीही सत्ताच. १९७४ मध्ये स्टीव्हन ल्यूक्स यांनी त्याच्याही पुढे जाऊन म्हटले की लोकांच्या इच्छाच घडविणे ही सत्तेची सर्वांत खोल पातळी. वहीकडे या दृष्टीने पाहावे. पुरोहित कोण हे यजमानाने निवडलेले नसते, त्याच्या गावाने व जातीने निवडलेले असते. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे चढतात. लेकींचा वंश तेथे थांबतो. यजमान आकडा ठरवितो खरा. पण वही कोणत्या पानावर उघडावी हे तो ठरवीत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न ज्याने सर्वांत आधी नेमका ओळखला त्याचे नाव येथे घेतले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यातील जोशी कुणबी दांपत्यावर बळजबरी करीत नाही. गर्भवती स्त्रीच्या मनात तो ग्रहांची भीती घालतो, आणि मग पुढचे सर्व निर्णय ती दोघे आपण होऊन घेतात. कर्जही आपण होऊन काढतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले. पुढे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि पुरोहितावाचून लग्ने लागू लागली; तेव्हा 'आपण होऊन' या शब्दांचा अर्थ उघड झाला. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ च्या सुमारास अशी लग्ने लावताच गावजोशांनी त्यांस न्यायालयात खेचले, आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. गावजोशाची दक्षिणा ही वृत्ती होती. त्याला बोलावले नाही तरी तिच्यावर हक्क सांगता येत असे. मुंबई इलाख्यात हा हक्क कायद्याने रद्द व्हावयास १९२६ साल उजाडले. तोपर्यंत कल आणि कारागृह यांमधील अंतर वाटते तेवढे नव्हते : होकार देणाऱ्याला सत्ता दिसत नसे, नकार देणाऱ्याला ती समन्स घेऊन भेटत असे.

यावरून परीक्षेची एक कसोटी हाती येते. एखाद्या मांडणीत निवड मोकळी आहे की नाही हे बहुसंख्यांच्या होकारावरून कळत नाही. पहिल्या नकार देणाराचे काय झाले यावरून कळते.

आजचे राज्यही मांडणी करतेच. काळभैरवास मदिरा वाहतात. देवळाबाहेर तिची विक्री परवान्याने होत असे, आणि बाटली हाताशी असल्यामुळे वाहणे हीच सोपी रीत झाली होती. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश शासनाने उज्जैनसह १९ ठिकाणची मद्याची दुकाने बंद केली; देवाला मदिरा वाहण्याची परंपरा मात्र बंद केली नाही. मांडणारा हात पूर्वीही शासनाचाच होता, आताही शासनाचाच आहे. निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण हे हात उघड दिसतात, त्यांना विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. वहीच्या पानाला तो विचारता येत नाही.

'तृतीय रत्ना'च्या अखेरीस ते कुणबी जोडपे जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेकडे वळते. फुल्यांनी त्यांना भांडावयास पाठविले नाही, वाचावयास पाठविले, यातच सर्व आले. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. सिद्धवटाच्या वह्या जाळाव्यात असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. त्या आपल्या समाजाची स्मृती आहेत. मागणे इतकेच की यजमानाने त्या स्वतः वाचाव्यात, लेकीचे नाव त्यांत स्वतः घालावे, आणि मग तळव्यावरचे पाणी सोडताना 'यथाशक्ति' या शब्दाचा अर्थ आपला आपण ठरवावा.